अक्काच्या बाजूची भिंत

मिस्त्रीला कुणी विचारलं असतं, की बाबा, खड्ड्याच्या तीन बाजूंना भिंती घातल्यास, मग चौथीच का बाकी ठेवलीस, तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. चौथ्या बाजूला अक्काचं घर होतं. तिथं घाईगर्दी नको, सगळ्यात शेवटी, सावकाश करू, असं त्यानं ठरवलं होतं. चांगलंच ठरवलं होतं हो! पण नुसतं चांगलं ठरवून कुणाचं भलं झालंय?

अक्का म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. शेजारी तळघरासाठी वीस फूट खणायचं म्हटल्यावर गल्लीत सगळ्यांनी बोंब ठोकली; एकट्या अक्कानं संमतीच्या कागदावर सही केली. का, तर साइटचा सुपरवायझर तिचा बाळ्या, म्हणजे हाच मिस्त्री. "तू आहेस ना, मग मी कशाला घाबरू?" एवढंच म्हणाली. आता उघड्या मातीच्या कडेपासून तिचं स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. खाली सळया बांधून झाल्या होत्या, फळ्या ठोकून झाल्या होत्या, अकराला काँक्रीटच्या गाड्या यायच्या होत्या. आजचा दिवस निघाला की भिंत उभी आणि अक्काचं घर सुखरूप.

मधे कडमडलं ते यंत्र. हवा पार बिघडली म्हणून आसपासच्या सगळ्या शहरांनी मिळून नियम केला होता. प्रत्येक बांधकामावर धूळ मोजायचं यंत्र, आणि तासाभराची सरासरी लाल रेघेच्या वर गेली की काम तीन दिवस बंद. नियम वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोला. अक्काच धुळीनं दिवसभर खोकायची. पण त्या सकाळी वारा पडलेला, आकडा रेघेला टेकायला आलेला. मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं.

मग त्यानं अक्कल चालवली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! साइटवर पाण्याचा धुक्यासारखा फवारा उडवणारा फॉगर होता. आठ वाजता त्याचं तोंड त्यानं सरळ अक्काच्या बाजूच्या कुंपणावरच्या यंत्राकडे वळवलं. पाण्यानं धूळ बसते, हे शेंबडं पोरही जाणतं. यंत्राला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या पोटातल्या उजेडात जे तरंगताना दिसेल ते ते मोजतं, मग थेंब काय नि धूळ काय. आकडा उतरायच्या ऐवजी चढला. मिस्त्रीनं फवारा वाढवला. आकडा आणखी चढला. साडेदहाला मोबाइलवर हुकूम आला, काम बंद. अकराच्या गाड्या फाटकावरूनच माघारी गेल्या.

पाठोपाठ हवा खात्याच्या मॅडमचा फोन. "तुमचा आकडा एकाएकी तिप्पट कसा झाला? यंत्रावर पाणी मारलंत का? मारलं असेल तर नोंद चुकीची धरून मी आत्ता बंदी उठवते. पण ज्यानं मारलं त्याचं सुपरवायझरचं कार्ड दोन वर्षं जमा होईल."

बोल ना गाढवा! एक शब्द, आणि गाड्या अर्ध्या वाटेवरून परत आल्या असत्या. पण तीस वर्षं थापी चालवून मिळालेलं ते कार्ड खिशात होतं, आणि मिस्त्रीचा हात आपसूक खिशावर गेला.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "आमच्यातल्या कुणी नाही मारलं."

दुपारी फळ्या ठोकणाऱ्या सुतारानं त्याला हाक मारली आणि खाली बोट दाखवलं. अडीच तासांच्या फवाऱ्याचं पाणी कुंपणाखाली मुरलं होतं. कडेच्या मातीला हात जाईल एवढी भेग पडली होती. मिस्त्री धावत अक्काच्या घरात शिरला. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती, आणि तिच्या पाठीमागच्या भिंतीवर नवी चीर तिरकी चढत गेली होती.

"अक्का, बाहेर चल. आत्ताच्या आत्ता."

"का रे? आज भिंत होणार म्हणालास ना?"

"काम बंद पडलंय."

"कुणी पाडलं?"

नियमानं, यंत्रानं, खात्यानं... उत्तरं ओठांवर आली होती. पण लहानपणापासून अक्कासमोर त्याचं खोटं कधी टिकलं नव्हतं. "मीच," तो म्हणाला, आणि फवाऱ्यापासून फोनपर्यंत सगळं सांगून टाकलं.

अक्कानं फडकं खाली ठेवलं. "म्हणजे माझं घर आणि तुझं कार्ड तराजूत घातलंस, आणि कार्ड जड भरलं."

पन्नाशीचा बाप्या, हमसून हमसून रडायला लागला. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

"रडतोस काय मेल्या! फोन लाव त्या बाईला."

मॅडमनं ऐकून घेतलं. "बंदी उठवली. कार्ड उद्या आणून द्या," म्हणाल्या, आणि मग हळूच, "सकाळीच का नाही हो बोललात?"

काँक्रीटच्या प्लँटवाल्यानं दीड तास सांगितला. मिस्त्रीनं त्याला शिव्या दिल्या, मग त्याच्या हातापाया पडला. वेळ तेवढाच राहिला. त्यानं खड्ड्यात कुणालाही उतरू दिलं नाही. कडेवर ताडपत्री पसरली, पाणी उपसलं, घराला टेकू लावले. जे सुचलं ते केलं. अक्का दोन पिशव्या घेऊन समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसली होती. हाकेच्या अंतरावर होती, पण त्याला हाक मारत नव्हती.

सव्वातीनला आधी फळ्या कडकडल्या. मग माती बसली, आणि तिच्यामागून स्वयंपाकघर, ओटा, पुसून ठेवलेली भांडी, सगळं एका दमात खाली गेलं. गल्लीतली माणसं धावत आली आणि अक्काच्या खुर्चीभोवती उभी राहिली.

पाच मिनिटांनी पहिली गाडी फाटकातून आत आली. ड्रायव्हरला बिचाऱ्याला काय ठाऊक! त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"मिस्त्री, माल कुठं ओतायचा?"

मिस्त्री खड्ड्याकडेच बघत राहिला. अक्का खुर्चीवरून उठली, रस्ता ओलांडून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"सांग ना रे त्याला," ती म्हणाली. "विचारतोय तो."