एक अक्षर कमी असलेली कुबडी

मित्रांनो, मी एक कुबडी. आता बरीच जुनी झाले आहे. चकचकीत नळीला भोकं पाडून, वर काखेसाठी स्पंजची उशी बसवून मला घडवलं आणि अंगावर माझ्या धातूचं नाव इंग्रजीत ठसवलं: 'ॲल्युमिनम'. त्या नावाचा मला केवढा तोरा होता!

एका लेकीने मला परदेशातून आपल्या आईकडे पाठवलं. आई इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत. मांडीचं हाड मोडून त्या नुकत्याच दवाखान्यातून घरी आल्या होत्या. मदतीला आलेल्या त्यांच्या नणंदेने खोकं उघडलं. बाईंनी चष्मा लावून ठसा वाचला आणि त्यांचा चेहरा पडला.

"वन्सं, हे बघा. 'ॲल्युमिनियम' हवं. एक 'आय' गाळलाय. ज्यांना नाव धड लिहिता येत नाही, त्यांची वस्तू काय धड असणार? बनावट आहे ही."

"म्हणजे लेकीनं स्वस्तातलं काहीतरी तुमच्या गळ्यात मारलं, वहिनी."

बाईंनी चष्मा काढला आणि मला बाजूला सारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी रवानगी न्हाणीघराच्या दाराआड झाली. माझ्यावर टॉवेल वाळू लागले. लेकीचा फोन आला की मात्र बाई म्हणत, "हो गं, वापरते ना!" ते ऐकून मी आणखीच ओशाळायची.

एका सकाळी बाई भिंत धरून चालत आल्या. ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. मी हातभर अंतरावर होते. त्यांच्या हाती नुसता टॉवेल आला. भरत आलेलं हाड पुन्हा दुखावलं.

लेक मिळेल त्या विमानाने आली. टॉवेल उचलताच तिला मी दिसले.

"आई, ही इथे?"

"नाव चुकलंय तिच्यावरचं. तुला फसवलं गं कुणीतरी."

लेकीने मला बाईंच्या खाटेपाशी आणून ठशावर बोट ठेवलं. "चुकलं नाही, आई. तू शिकवायचीस ते ब्रिटिश नाव. अमेरिकन लोक त्याच धातूला ॲल्युमिनम म्हणतात, तसंच लिहितात. मला एकदा विचारायचंस तरी!"

बाईंना मान वर करवेना. तशाच त्या म्हणाल्या, "वन्संनी तुला नावं ठेवली आणि मी ऐकून घेतलं. फोन दे इकडे."

"वन्सं, माझ्या लेकीनं चांगलीच वस्तू पाठवली होती. अडाणीपणा माझा."

लेकीने पाठ वळवून डोळे पुसले.

पुढे बाई माझ्या आधाराने अंगणात, मग बाजारातही जाऊ लागल्या. आता त्यांना माझी गरज नाही. गल्लीत कुणाचा पाय मोडला की मी त्या घरी जाते. लोक कौतुक करतात, तरी मनातली लाज जात नाही. बाईंनी मला खोटी म्हटलं, ते समजा अजाणतेपणी. पण मीही ते मुकाट्याने खरं मानलं.

मित्रांनो, एखादं नाव कानाला वेगळं लागलं, तर नावं ठेवण्याआधी विचारून घ्या. आणि मला उसनी न्याल तेव्हा तळाचं रबर तेवढं बदला. फार झिजलंय ते. माझ्या जवळ असताना पुन्हा कुणी पडलेलं मला पाहवणार नाही.