वनमालाबाईंचा करडा ओटा

मित्रांनो, मी एका स्वयंपाकघराचा ओटा आहे आणि माणसांच्या कारभाराला पार वैतागलो आहे.

कर्नाटकातल्या खाणीतून निघालो, कापला गेलो, घासून आरशासारखा चकाकलो आणि मुलुंडला वनमालाबाईंच्या घरी येऊन बसलो. स्वयंपाकघरात उजेड कमी, म्हणून त्यांनी काळा दगड सोडून मला, फिकट करड्याला, निवडलं. त्यांचे यजमान जयवंतराव तेव्हाच म्हणाले, "ग्रॅनाइट आहे, याला काय होतंय!"

होतं, मित्रांनो! दगडालाही बारीक छिद्रं असतात. तुम्हाला ती दिसत नाहीत, पण तेलाला बरोबर सापडतात. म्हणून आमच्यावर सीलर लावतात. तो आत मुरतो आणि डागांना सहजी शिरू देत नाही. मात्र काही वर्षांनी तो पुन्हा लावावा लागतो. माझा लावायचा राहूनच गेला. तरी निभत होतं, कारण काही सांडलं की वनमालाबाई लगेच साबणाच्या पाण्याने पुसून घ्यायच्या.

यंदा त्या मुलीच्या, श्रुतिकाच्या, बाळंतपणाला बोरिवलीला गेल्या आणि मी जयवंतरावांच्या हाती सापडलो.

गृहस्थ उत्साही. मोबाइलमध्ये बघून बांगड्याचं तिखलं करायचे. हळदीचे हात माझ्यावर, कोकमाचं आगळ माझ्यावर, तेलाची गळकी बरणी तर कायमची माझ्यावर! बाईंचा फोन आला की ऐटीत सांगायचे, "ओटा ना? लखलखीत आहे गं!" मला तोंड असतं तर तिथेच ओरडलो असतो.

बाई परत येणार म्हटल्यावर जयवंतरावांनी बरणी उचलली. खाली भलंमोठं काळपट कडं! मग या शहाण्या माणसाने काय करावं? बाथरूमच्या लाद्या धुवायचं ॲसिड आणून माझ्यावर ओतलं. कडं तसंच राहिलं, माझी चकाकी मात्र गेली. घाबरून त्यांनी त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि वर मिक्सर ठेवला.

बाईंनी आल्या आल्या विचारलं, "मिक्सर इथे कोणी आणला?"

"मीच. तिथे गैरसोय होत होती."

बाईंनी मिक्सर सरकवला, कागद उचलला. बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत राहिल्या. "अहो, खरं सांगा. काय ओतलंत?"

"ॲसिड," जयवंतराव पुटपुटले. "तुला दिसायला नको म्हणून... हा तोडून नवीन बसवू आपण."

तोडून! मला!

"तोडायचा कशाला?" बाई कडाडल्या. "डाग पडला, तो मला सांगता आला नाही तुम्हाला? फोनवर रोज लखलखीत, लखलखीत! या आता इकडे. मी सांगते तसं करा."

त्यांनी माझ्यावर पाण्याचे थेंब टाकले. थोड्याच वेळात ते आत जिरले आणि तिथला दगड गडद झाला. "बघा, सीलर संपलाय," त्या म्हणाल्या. मग जयवंतरावांनी खाण्याचा सोडा पाण्यात घट्ट कालवून तेलाच्या डागावर थापला आणि वर प्लॅस्टिक झाकलं. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढलं, लेप वाळला, तसं बरंच तेल त्यात ओढलं गेलं. दोन-तीनदा केल्यावर कडं विरलं. मला पूर्ण सुकू दिलं, सीलर लावला, जास्तीचा वाळायच्या आत पुसून काढला. दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याला बंदी. चहासुद्धा शेजारून आला.

ॲसिडने मेलेली चकाकी मात्र आली नाही. ती सीलरने येत नाही, मशीन लावून घासावं लागतं. बाई म्हणाल्या, "राहू दे. तुम्हाला दिसत राहील."

परवा श्रुतिका बाळाला घेऊन आली. जावई यज्ञेशने सरबत करून पिळलेलं लिंबू सहज माझ्यावर टाकलं. तोच बाहेरून जयवंतराव धावत आले, "अरे, उचल ते! दगड आहे तो, कचऱ्याचा डबा नाही!"

सगळे हसले. मी नाही हसलो, मित्रांनो. माझा जीव भांड्यात पडला होता.

तुमच्या घरचा ओटाही काही बोलणार नाही. आज त्याच्यावर थेंबभर पाणी टाकून बघा. थेंब मोत्यासारखा टिकला तर ठीक. जिरला तर सीलर लावणं उद्यावर ढकलू नका. आणि डाग पडलाच, तर कृपा करून त्याच्यावर मिक्सर ठेवू नका.