अंगातली बॅटरी

बाइंडरबाईंच्या हृदयाला बॅटरी बसवून वर्ष होत आलं होतं. काडेपेटीएवढी चपटी डबी, डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत. तिचं काम सरळ होतं. बाईंचं हृदय आपल्या बळावर वेग घेईनासं झालं होतं, तेव्हा ही डबी त्याला टोचणी देई. बाई हलल्या की डबीतल्या सेन्सरला कळे आणि ती ठोके वाढवी. बाई बसल्या की तीही स्वस्थ बसे.

भानगड एवढीच, की डबीला माणूस फक्त हलण्यावरून कळायचा. बाई पुस्तकं बांधायचं काम करत, त्या छापखान्यात कागदाच्या घड्या घालणाऱ्या मशीनला टेकल्या, की त्या थरथरीनं त्यांची नाडी शंभराच्या वर जायची. जसं काही कुणाची चोरून वाट बघत उभ्या आहेत. आणि आई गेल्याचा फोन आला तेव्हा बाई खुर्चीत बसलेल्या होत्या. मनगटावरच्या घड्याळात आकडा होता बासष्ट. फोन ठेवला, तरी बासष्ट. छातीत धस्स होणं, काळजाचा ठोका चुकणं, ऊर धपापणं हे सगळं भाषेत होतं तिथेच राहिलं, बाईंच्या अंगातून मात्र उठून गेलं.

डबी तपासायला येणारा टेक्निशियन म्हणाला होता, "भावना हृदयात नसतात हो मॅडम, मेंदूत असतात."

"मग मेंदूला कुणी कळवलं नसेल," बाई म्हणाल्या होत्या.

सगळं फिकं पडलं होतं, त्यात एक सायकल तेवढी उरली होती. विभागीय हौशी सायकल स्पर्धेत चाळिशीपुढच्या बायकांच्या गटात बाई आजारपणाआधी दोनदा पहिल्या आल्या होत्या. आता पाय पूर्वीसारखेच होते, पण सायकलवर बसलेल्या माणसाचे पाय फिरतात आणि छाती जागच्या जागी राहते. डबीला वाटायचं, बाई बसल्यात. चढावर पायांना रक्त हवं असायचं आणि नाडी नव्वदीच्या अलीकडे अडून बसायची. यावर बाईंनी स्वतःच तोड काढली होती. चढ लागला की एक हात सोडायचा आणि डबीवर बोटांनी टकटक करायचं. डबी फसायची. नाडी चढायची, पाठोपाठ बाईही. तेवढी दहा मिनिटं त्यांना आपण घरी असल्यासारखं वाटायचं.

हे नेमकं पाहिलं ते धाकटीनं. धाकटी म्हणजे धाकटी जाऊ. राहायला वरच्या मजल्यावर, सरावाला बरोबर, आणि स्पर्धेत दोन्ही वेळा दुसरी.

एका सकाळी ती चहाचा कप घेऊन खाली आली आणि उभ्यानंच म्हणाली, "ताई, यंदाच्या स्पर्धेत मी तुझ्यावर हरकत घेणारेय. मागाहून कळायला नको, म्हणून तोंडावर सांगते."

बाईंच्या नवऱ्यानं बशी खाली ठेवली. "अगं, कशाबद्दल?"

"बॅटरीबद्दल, भाऊजी. नियम आहे. सायकलीवर किंवा स्वाराच्या अंगावर बॅटरी नको."

"तो नियम त्या मोटर लपवून आणणाऱ्या लबाडासाठी केलाय!"

"केला कशासाठीही असेना. लिहिलाय तर सगळ्यांसाठी." मग बाईंकडे वळून ती म्हणाली, "तुला डॉक्टरांनी ती टकटक करायला सांगितलेली नाही, ताई. ते तू शोधून काढलंयस. मला दम लागला तर मी कुठे टकटक करू?"

नवरा बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. काहीतरी बोलायला हवं, हे बाईंना कळत होतं. "चहा घे आधी, निवेल," त्या म्हणाल्या.

पात्रता समिती बसली ती अध्यक्ष अण्णांच्या दवाखान्यात. अण्णा दातांचे डॉक्टर. बाहेरच्या खोलीत तीनच खुर्च्या, त्यामुळे समितीतले टायरवाले आत जाऊन रोग्याच्या आडव्या खुर्चीत पसरले होते आणि तिथूनच उघड्या दारातून बोलत होते. तिसऱ्या होत्या शाळेतल्या पी.टी.च्या बाई. धाकटी भिंतीला टेकून उभी होती.

"हौशी म्हणजे काय, तर पैशासाठी नाही, हौसेसाठी सायकल चालवणारा," अण्णांनी सुरुवात केली. "तुम्हाला हौस आहे ना?"

प्रश्न नुसता रीत म्हणून होता. बाई मात्र खरोखर विचारात पडल्या. हौस म्हणजे नक्की कसं वाटायचं, ते त्यांनी आठवून बघितलं. "आहे," त्या म्हणाल्या, कारण तेच उत्तर लागणार होतं.

"मग प्रश्न बॅटरीचा. नियमात शब्द आहे 'अंगावर'."

"यांची अंगावर कुठेय? अंगात आहे," पी.टी.च्या बाई म्हणाल्या.

"अंगात आलंय म्हणा!" आडव्या खुर्चीतून टायरवाले म्हणाले आणि एकटेच हसले.

"तुम्ही उठून बसा बघू आधी," पी.टी.च्या बाई म्हणाल्या. "आणि माझ्या चष्म्यात, तुमच्या कवळीत आणि यांच्या डबीत फरक काय, ते सांगा मला."

"माझी कवळी सायकल ओढत नाही."

"डबी पण ओढत नाही. पायच ओढतात. डबी नुसती घड्याळ आहे."

अण्णांनी मान डोलावली. पारडं बाईंच्या बाजूला झुकत होतं, हे भिंतीपाशी धाकटीलाही दिसलं. ती पुढे आली. "एकच विचारते. ताई, ती डबी तुझ्या मनाप्रमाणे वाढवता येते की नाही?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. समितीपुढे ठेवलेला टेक्निशियनचा कागद तेच सांगत होता, आणि धाकटीशिवाय कुणी पाहिलंही नव्हतं. पूर्वी अशा वेळी बाईंच्या कानशिलांत ठोके वाजले असते आणि त्या गडबडीत त्या खोटं बोलूनही गेल्या असत्या. आता आत काहीच वाजत नव्हतं. विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर, दोनच गोष्टी समोर होत्या.

"येते," बाई म्हणाल्या.

त्यांनी मनगट टेबलावर ठेवलं, घड्याळ सगळ्यांना दिसेल असं, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी खांद्याखाली टकटक सुरू केली. चौसष्ट. एकाहत्तर. शहाऐंशी. टायरवाले आतून उठून आले. शंभर. एकशे बारा.

"अरे बापरे," टायरवाले म्हणाले. "हा तर ॲक्सिलेटर झाला!"

"पुरे, पुरे," अण्णा घाबरून म्हणाले. "दवाखाना दातांचा आहे!"

मग बरीच वादावादी झाली. शेवटी अण्णांनी दोन वाटा ठेवल्या. एक म्हणजे बाईंनी नंबर न लावता, क्रमांकाच्या बाहेर, हवी तशी टकटक करत सायकल चालवावी. नाहीतर रीतसर स्पर्धेत उतरावं, डबी चालेल, पण छातीला हात लागला की बाद.

"दुसरं," बाई म्हणाल्या.

घरी जाताना नवरा म्हणाला, "पण टकटक न करता चढशील कशी तू?"

"नाही चढणार."

"मग?"

"मग शेवटची येईन. पण कितवी आली, असं विचारता तर येईल."

स्पर्धेच्या दिवशी चढ सुरू झाला तसा जथा लांबत गेला. पहिल्या वळणाला बाई धाकटीच्या मागेच होत्या. दुसऱ्या वळणाला धाकटीची पाठ पुढे सरकली, मग आणखी चार पाठी. नाडी अठ्ठ्याऐंशीवर अडली होती. मांड्यांत शिसं भरत आलं. उजवा हात सवयीनं हँडलवरून उचलला गेला, तो बाईंनी परत ठेवला. वाईट वाटायची ही वेळ होती. वाटलं नाही. पेडल मात्र खाली जाईना, तेव्हा बाई उतरल्या आणि सायकल हातात धरून चालू लागल्या.

पन्नासेक पावलांवर काहीतरी बदललं. त्यांनी घड्याळ बघितलं. एकशे चार. क्षणभर अर्थ लागेना. मग लागला. चालताना खांदे हलतात, छाती हलते. डबीला पहिल्यांदाच खरं कळत होतं, की ही बाई कष्ट करतेय. हात कुठे लावायलाच नको होता. बाई पळायला लागल्या. तळाला लोखंडी पट्टी असलेले सायकलचे बूट रस्त्यावर खटखट वाजू लागले. एकशे सव्वीस. पाय मोकळे झाले, तोंडावर ऊन लागतंय हे जाणवलं, आणि मधल्या चारही सायकलस्वार बायकांना त्यांनी पळतच एकेक करून मागे टाकलं.

वळणावर झेंडा घेऊन उभे असलेले टायरवाले ओरडले, "ओ बाई, हे चालतं का?"

"चालतेय तर खरी!"

"तसं नाही हो! नियमात!"

"हात बघा माझे!" दोन्ही हात हँडलवर होते.

माथ्याच्या जरा अलीकडे, सगळ्यात उभ्या चढावर, धाकटी जेमतेम पुढे सरकत होती. खटखट ऐकून तिनं मागे बघितलं आणि तिची सायकल डगमगली. "ताई! अगं, काय हे!"

"सरक बाजूला," बाई म्हणाल्या. आवाजात धार होती. त्यांची त्यांनाच ती ओळखीची वाटली. आपल्याला या बाईचा भयंकर राग आलाय, हे त्यांना तिथे, पळताना, कळलं, आणि तो इतका ताजा होता की जपून न्यावासा वाटला.

माथ्यावर त्या सायकलवर बसल्या. डबीला वाटलं, बाई बसल्या. उताराच्या निम्म्यात नाडी सत्तरीत आली आणि राग तसाच कुठेतरी मागे, रस्त्याच्या कडेला राहून गेला. सपाटीवर धाकटीनं त्यांना गाठलं आणि ओलांडलं. धाकटी पहिली. बाई दुसऱ्या. अण्णांनी नियमावली दोनदा उलटी-सुलटी वाचली. सायकल हातात घेऊन पळू नये असं त्यात कुठेच नव्हतं. बाईंचा क्रमांक कायम झाला. धाकटीनं त्यांना मिठी मारली तेव्हा घामानं दोघींचे कपडे चिकटले, एवढं बाईंना समजलं.

दोन दिवसांनी धाकटी खाली आली. हातात कागद, पेन, कपाळाला आठ्या.

"पुढच्या वर्षीसाठी लिहितेय," ती म्हणाली. "सायकलच्या स्पर्धेत सायकलच चालवावी, अशी सूचना. तोंडावर सांगते."

"बरं."

"चिडलीस?"

बाईंनी पुस्तकाच्या पुठ्ठ्याला खळ लावायचं थांबवलं आणि आत जरा शोधून बघितलं. "सापडत नाहीये," त्या म्हणाल्या. "चढावर भेट, मग सांगते."

धाकटी खुर्ची ओढून त्यांच्याच टेबलाशी बसली आणि लिहायला लागली. जरा वेळानं तिनं मान वर केली. "ताई, 'पायी' लिहिताना शेवटी य की नुसती ई?"

"य," बाई म्हणाल्या. "यला दीर्घ."