दिवेलागणीचा मुजरा

धार आणि देवासच्या मधली आमची जहागीर. देवासासारख्याच आमच्याकडेही एकाच घराण्याच्या दोन पात्या, थोरले सरकार आणि धाकटे सरकार. एकाला शिंक आली की दुसऱ्याने नाक शिंकरायचंच. एकोणीसशे आठच्या सुमारास दोघांनाही विजेचं वेड लागलं.

आमचे हे, विश्वासराव, जहागिरीचे ओव्हरसियर. पुढच्या वीस वर्षांत वीज किती लागेल याचा अंदाज त्यांनी करायचा होता. मी एकच मागणं घातलं: खालच्या विहिरीवर पंप बसवा. सोवळ्याचं पाणी गड्याकडून चालत नाही. टेकडी चढून घागरी आणता आणता माझी कंबर कामातून गेली होती. नळाचं पाणी सोवळ्यात चालतं का, ते देवाशी मी बघून घेतलं असतं. यांनी पंप धरला, उद्या निघतील ते कापसाचे कारखाने धरले आणि ऐसपैस इंजिन मागितलं.

दिवाण तात्यासाहेबांनी कागद बाजूला सारला. "वीस वर्षांनी कोण आहे, कोण नाही! दरबारातले दिवे धरा. पाण्याला बायका आहेतच."

लहान इंजिन आलं. दसऱ्याला दोन्ही पात्यांचा एकत्र दरबार भरला. आम्ही बायका चिकाच्या पडद्याआड. थोरल्यांनी गुपचूप एक झुंबर वाढवलं होतं, म्हणून धाकट्यांनी दोन. दिवे लागले. दरबारात दिवा आला की सगळ्यांनी उठून गादीला लवून मुजरा करायचा, सरकारांनीसुद्धा. झाला. तेवढ्यात दिवे लाल पडले आणि विझले.

"साब, इंजन हांफी रियो है!" इंजिनवाला गणपत बाहेरून ओरडला. झुंबरांच्या भाराने इंजिनाला धाप लागली होती.

पुन्हा लागले. पुन्हा मुजरा. पुन्हा विझले. झुंबर आधी कोणी उतरवायचं? कोणीच नाही! मानकरी बसतात न बसतात तोच उठत होते. मी पदर तोंडात कोंबून हसत होते. शेवटी थोरले सरकार वाकले ते वर येईनात, आणि धाकटेही मागे राहिले नाहीत.

सकाळीच मोठं इंजिन मंजूर झालं. हे हरखून घरी आले.

"आणि पंप?" मी विचारलं.

"तो पुढच्या अंदाजात घेऊ."

माझं डोकंच फिरलं. "इतकी वर्षं माझी कंबर मोडतेय तर कागद हलला नाही, आणि त्यांची एका संध्याकाळी धरली तर इंजिन येतं? पुढचा अंदाज होईतो सोवळं नेसा आणि पाणी भरा!" घागर मी त्यांच्या हातातच दिली.

भरलं बिचाऱ्यांनी. आठवडाभर. मग एका सकाळी कंबरेवर हात ठेवून, पाय ओढत दिवाणांकडे गेले. दिवसभर रिकामं बसणाऱ्या इंजिनाला काम द्या म्हणून हटून बसले आणि पंप मंजूर करूनच परतले.

"माझा अंदाज चुकला होता गं," खाटेवर आडवं होत म्हणाले.

मी शेकायला विटकर आणली. म्हटलं, "अंदाज बरोबरच होता हो. घागर तेवढी कधी उचलली नव्हतीत."