दोन्ही काटे सारखे

मोटार चालू करून शिवलिंगप्पांनी ठिबकच्या फिल्टरचे प्रेशरचे काटे पाहिले. पाणी शिरतं तिथला आणि निघतं तिथला, दोन्ही सारखेच! एरवी निघतानाचा जरा खाली असायचा; फिल्टर तुंबला की जास्तच. "आज लई साफ हाय," म्हणत ते खुशीत उसात शिरले, तर नळ्या कोरड्या ठाक.

मग डोक्यात उजेड पडला. पाणी वाहिलं तरच काट्यांत फरक पडतो. सारखे म्हणजे पाणी जागीच उभं. पलीकडच्या बांधावरचा कॉक बंदच होता. नवऱ्यानं मोटार लावायची, बायकोनं कॉक खोलून हाळी द्यायची, ही त्यांच्या संसाराची रीत. मल्लम्माला गेल्या आठवड्यात त्याच बांधाखाली माती दिली होती.

त्यांनी कॉक खोलला आणि तिच्यासारखीच हाळी दिली, "सोडलं वो!"

तिकडं काटा खाली आला असेल. बघायला कोणी नव्हतं.