मंगळवारची आजीसभा

आमच्या शाळेचं पालकांसाठीचं पत्रक मी लिहिते. पाठपोट एकच कागद. पुढच्या बाजूला आठवड्यात काय झालं ते, मागच्या बाजूला पुढे काय आहे ते. शुक्रवारी शेवटच्या तासाला शिपाईमामा आणि मी ते वर्गावर्गात वाटतो आणि मुलं ते दप्तरात असं काही कोंबतात, की घरी पोचेपर्यंत त्याचा बोळा झालेला असतो. पालक तो बोळा इस्त्री केल्यासारखा सपाट करतात आणि सोमवारी मला फोन करून तेच विचारतात, जे त्यात लिहिलेलं असतं.

मी शाळेची कारकून. मुलं मला ऑफिसच्या बाई म्हणतात आणि माझ्या खिडकीवरून जाताना आवाज खाली करतात. माझ्या नाकावर राग असतो असं शिक्षकांच्या खोलीत बोललं जातं. असतोच. दर आठवड्याला हरवलेल्या वस्तूंच्या यादीत पाण्याच्या बाटल्यांची सात-सात झाकणं लिहावी लागली, तर कुणाच्याही नाकावर राग येईल. झाकण हरवतं, बाटली हरवत नाही, हे कसं जमतं ते मला आजवर कळलेलं नाही.

पण पत्रकात चूक नसते. एकोणीस वर्षं झाली, एक तारीख चुकलेली नाही की एक वार इकडचा तिकडे झालेला नाही. लिहिलेलं मी तीनदा तपासते, मग मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यावर सही करतात आणि एक प्रत फाइलला लागते. कुणी वाद घालायला आलं की मी फाइल उघडते, ओळीवर बोट ठेवते आणि गप्प बसते. समोरचाही गप्प बसतो. हे सुख मी पुष्कळदा घेतलं आहे.

त्या मंगळवारी साडेदहाला दहा मिनिटं कमी असताना एक आजी माझ्या दारात उभ्या राहिल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, अंगावर ठेवणीतले कपडे. केस इतके चापूनचोपून बसवलेले, की आरशासमोर बराच वेळ गेला असणार. दोन बस बदलून आल्या होत्या आणि त्यांना चांगलाच दम लागला होता.

"आजीसभा कुठल्या खोलीत आहे हो?" त्यांनी विचारलं.

"कसली सभा?"

"आजीसभा. दुसरीची. आज साडेदहाला. उशीर तर नाही ना झाला मला?"

मी म्हटलं, "आजी, आज शाळेत कुठलीही सभा नाही. उद्या चौथीची दाततपासणी आहे, शनिवारी धावण्याच्या शर्यती आहेत. आज काही नाही."

"पत्रकात आहे की," आजी म्हणाल्या.

झालं. एकोणीस वर्षांत हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. माझ्या कपाळाची शीर ताठ झाली. "पत्रकात नाही. पत्रक मी लिहिते."

"असं कसं? नातीनं वाचून दाखवलं मला. मला हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून शुक्रवारी तीच वाचते. तिनं वाचलं, मंगळवारी साडेदहाला दुसरीच्या वर्गात आजीसभा आहे. आजींना शाळा दाखवली जाईल. खाऊ मिळेल. आणि काय बरं… हां, आजी एकट्या आल्या तरी चालेल, काठी आणली तरी चालेल."

काठी आणली तरी चालेल, असं वाक्य मी जन्मात लिहिणार नाही. मी लिहिते 'पालकांनी नोंद घ्यावी', 'विलंब झाल्यास प्रवेश मिळणार नाही'. रागाच्या भरात मी फाइल ओढली, शुक्रवारचा कागद काढला, मागची बाजू वर केली आणि बोट ठेवायला सरसावले. "बघा. तुम्हाला दिसत नसेल तर मी वाचते. शब्द न शब्द वाचते."

तेवढ्यात दारात हालचाल झाली म्हणून मी वर पाहिलं. आजींच्या पाठीमागे, त्यांना दिसणार नाही अशी, दुसरीतली भिंगरी उभी होती.

तिला सगळी शाळा भिंगरी म्हणते, कारण ती चालत नाही, गरगरत जाते. आईची हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात पाळीची नोकरी, बाबा मालगाडीवर, चार-चार दिवस बाहेर. चित्रांचं प्रदर्शन असो की गाण्याचा कार्यक्रम, बाकीची मुलं आपापल्या माणसांना हाताला धरून ओढत नेतात आणि ही शिपाईमामांच्या बाजूला उभी राहून खुर्च्या मोजते. मागच्या कार्यक्रमाला मी तिला विचारलं होतं, तुझ्याकडून कोण आलंय गं? तर म्हणाली, "येणार आहेत." संपूर्ण कार्यक्रम होईपर्यंत येणारच होते.

आता ती गरगरत नव्हती. एक हात दाराच्या चौकटीवर आणि चेहरा पुसलेल्या फळ्यासारखा कोरा. ती आजीकडे बघत नव्हती, माझ्या बोटाकडे बघत होती. ते बोट कागदावर टेकलं की काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. आजीला कळणार, की नात खोटं वाचते. इतक्या लांबून, दोन बस बदलून, नटूनथटून आजी उगाचच आली. आणि पुन्हा कधी येणार नाही.

खोटेपणा मला मुळीच चालत नाही. खोटं बोलणाऱ्या पोरांना मी ऑफिसातल्या बाकावर बसवते आणि बाक त्यांना बोलतं करतो. पण या पोरीनं शाळेला बुट्टी मारली नव्हती, कुणाची पेन्सिल पळवली नव्हती. तिनं फक्त एक कार्यक्रम ठरवला होता, आणि तोही पत्रकात शोभेल असा.

मी फाइल मिटली.

"अगं बाई," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला कुणा दुसऱ्याचा वाटला, "आजीसभा होय! बरोबर आहे तुमचं. चूक माझी झाली. तयारी करायची राहून गेली बघा. तुम्ही पाच मिनिटं बसा."

आजी बसल्या. मी भिंगरीकडे पाहून डोळे वटारले आणि मानेनं वर्गाकडे खूण केली. एवढ्या जोरात पळालेलं मूल मी शर्यतीतही पाहिलेलं नाही.

मग माझी जी धावाधाव झाली ती विचारू नका. दुसरीच्या बाईंना गाठलं. त्या वजाबाकीत होत्या. म्हटलं, मला अर्धा तास द्या. त्या म्हणाल्या, "हातच्याचं आत्ताच कुठे डोक्यात शिरतंय मुलांच्या." म्हटलं, हातचा उद्या घ्या, आज आजी घ्या. मामांनी शिक्षकांच्या खोलीतून बिस्किटांचा डबा आणला. तेवढ्यात मोठ्या बाई बाहेर आल्या आणि कसली गडबड म्हणून विचारू लागल्या. मी सांगितलं, दुसरीत आजीसभा आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी सही केलेल्या कागदात तर नव्हती."

"नव्हती," मी म्हटलं. "नंतर सांगते."

इतक्या वर्षांत मी त्यांना 'नंतर सांगते' असं प्रथमच म्हटलं असेल. त्या माझ्यामागून वर्गात आल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

आजींना पुढे खुर्ची दिली. सभा कशी चालवायची हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून बाईंनी मुलांना प्रश्न विचारायला सांगितले. दुसरीच्या मुलांना एवढंच हवं असतं. तुमचे दात खरे आहेत का? वरचे नाहीत. तुम्ही लहान होता का? होते, पण थोडे दिवस. काठीला नाव आहे का? अजून नाही ठेवलं, सुचवा. त्यावर तीसेक नावं एकदम आली आणि मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. एरवी मी येऊन सगळ्यांना गप्प केलं असतं. त्या दिवशी मी दाराशी उभी राहून हसत होते आणि हसताना पकडली जाऊ नये म्हणून मधूनमधून खोकत होते.

मग भिंगरीनं आजीला शाळा दाखवली. हा माझा हुक. हे माझं कपाट, खालून दुसरं. हे माझं चित्र, पण त्यात तू नाहीस, तेव्हा तू आमच्याकडे राहायला आली नव्हतीस. हा नळ, याला पाणी जोरात येतं, लांब उभी राहा. ही माझी मैत्रीण. ही माझी आजी. 'ही माझी आजी' हे ती प्रत्येक दारात सांगत होती, रिकाम्या प्रयोगशाळेच्या दारातसुद्धा.

अकरा वाजून गेल्यावर आजी निघाल्या. बाहेरून आलेल्यांनी जाताना नोंदवहीत नाव, वेळ आणि येण्याचं कारण लिहायचं असतं. मी वही पुढे केली, मग त्यांना वाचायला दिसत नाही हे आठवलं. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून शाईची गादी हळूच त्यांच्याकडे सरकवली. "नुसता अंगठा दिला तरी चालतो."

आजींनी गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून चष्मा काढला. टेबलावरचं पेन घेतलं आणि वळणदार, एकसारख्या अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'नातीने बोलावले.'

मी शाईची गादी मागे ओढली. "म्हणजे तुम्हाला वाचता…"

"येतं की. चष्मा लावला की मुंगीचे पाय मोजीन." त्या खुर्चीत टेकल्या आणि आवाज खाली केला. "तिच्या बाईंनी आईला सांगितलं होतं, पोरगी वाचनात मागे आहे, घरी मोठ्यानं वाचून घ्या. आई घरी येते तेव्हा थकून मेलेली. मी म्हटलं, मी घेते. पण वाच म्हटलं की ही पळते. मग मी चष्मा लपवला. म्हटलं, मला दिसत नाही बाई, शाळेत काय चाललंय ते मला कोण सांगणार? तेव्हापासून दर शुक्रवारी मांडीला मांडी लावून बसते आणि तुमचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. झाकणांसकट."

"मग सभा नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हाच कळलं. ती निजल्यावर कागद बघितलासुद्धा नाही. बघायचं काय? अहो, ती प्रत्येक शब्दाला अडखळते. 'दाततपासणी'ला तर तीनदा मागे गेली. आणि ही एवढी मोठी आजीसभा मात्र एका दमात, न थांबता धडाधड वाचली. म्हटलं, हे कागदावरचं नाही, हे पोटातलं आहे."

"आणि तरी आलात? मी हाकलून दिलं असतं तर?"

"जवळपास दिलंच होतंत," आजी म्हणाल्या. "मी ठरवलं होतं, तुम्ही नाही म्हणालात तर लांबून वर्ग बघायचा, तिला हात करायचा आणि घरी जाऊन सांगायचं, सभा छान झाली. बोलावल्यावर यायला नको का?" त्या उठल्या, चष्मा परत पिशवीत खोल ठेवला. "तिला सांगू नका हं मला दिसतं ते. अजून जोडाक्षरं कच्ची आहेत."

मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडून आले. परत आल्यावर मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नोंदवहीतला कारणाचा रकाना वाचला. मग म्हणाल्या, "वर्गात बाकीच्यांच्याही आज्या असतील ना. आजोबा असतील."

त्या शुक्रवारचं पत्रक मी तीनदा तपासलं. पुढच्या बाजूला लिहिलं, मंगळवारी दुसरीच्या वर्गात आजीसभा झाली, एक आजी उपस्थित होत्या. मागच्या बाजूला, पुढची आजीसभा येत्या मंगळवारी साडेदहाला, आणि त्याखाली भिंगरीची वाक्यं जशीच्या तशी. मोठ्या बाईंनी 'आजोबांनीही यावे' एवढं वाढवून सही केली.

शेवटच्या तासाला दुसरीत कागद वाटून मी बाहेर पडले, आणि का कोण जाणे, दाराआड थांबले. बाकीच्यांनी कागद दप्तरात कोंबला. भिंगरीनं तो बाकावर उलगडला, मागची बाजू वर केली आणि ओळीखाली बोट धरलं. ओठ हलायला लागले.

"आ…" ती थांबली. पुन्हा मागे गेली. "आ… जी… स…"

बोट तिथेच थबकलं. तिनं मान खाली घालून नाक जवळजवळ कागदाला लावलं आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.