उजवीकडचा अक्ष

भूमिकाने तो आलेख काढला होता बापाचं नाव राखायला.

पेणच्या खाडीकडच्या त्यांच्या गावात बांधावरची उघाडी, म्हणजे खाडीच्या पाण्याचं दार, सांभाळायची ती तिच्या बापाने, जनूने. भरतीला झडप बंद, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर. बदल्यात सुगीला घरटी थोडं भात. यंदा खालच्या खाचरांतलं भात पिवळं पडलं आणि लोक बोलायला लागले. जनू थकला, झडप उघडंच राहतं, खारं पाणी आत येतं.

भूमिका रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये. तिने खाचरातलं पाणी बाटल्यांतून नेऊन खार मोजला आणि जेवणाच्या सुट्टीत पायथनमध्ये आलेख काढला. भरतीची उंची सेंटिमीटरमध्ये, तीनशे-चारशेच्या घरात. खार लिटरला जेमतेम अर्धा ग्रॅम. एकाच मापावर खाराची रेघ तळाशी मेल्यासारखी पडून राहिली. म्हणून तिने उजवीकडे खारासाठी दुसरा अक्ष मागवला. एका ओळीचं काम. दोन्ही रेघा ठसठशीत उठल्या, ती खूश झाली, आणि परतीच्या गाडीत निडी स्टेशन यायच्या आत आलेख गावाच्या ग्रुपवर टाकूनही मोकळी झाली. खाली लिहिलं, ‘मोजून बघितलंय, खार अगदी कमी आहे.’

खालचं कोणी वाचलं नाही. चित्र सगळ्यांनी पाहिलं.

रविवारी देवळात बैठक बसली. ज्याचं भात गेलं होतं त्या प्रविणने मोबाइल वर धरला.

“भरती चढली का खार चढतो, उतरली का उतरतो. जनूकाकाच्या पोरीनंच काढलंय. अजून काय पायजे?”

“उजवीकडचे आकडे वाच ना,” भूमिका म्हणाली. “दोन अक्ष दिले की प्रत्येक रेघ आपापल्या मापाने ताणली जाते. केसभर हललं तरी डोंगर दिसतो.”

तिने नवा आलेख दाखवला. उजवा अक्ष शून्यापासून थेट भात करपेल इतक्या खारापर्यंत. खाराची रेघ खाली सपाट.

“परवा डोंगर, आज सपाट,” शेजारची इंदुबाई म्हणाली. “बापासाठी बरी इस्तरी फिरवलीस गो.”

लोक हसले. जनूही थोडा हसला, ते तिला जास्त लागलं.

“मग माजं भात पिवलं कशानं पडलं?” प्रविणने विचारलं.

“ते मला ठाऊक नाय,” ती म्हणाली. खरंच ठाऊक नव्हतं. पण तेवढ्यावर बैठक आटपली आणि उघाडी प्रविणकडे गेली.

घरी येऊन जनूने चहासुद्धा घेतला नाही. फावडं खांद्यावर टाकलं.

“बाबा, कुठं निघालास? उघाडी आता तुझी नाय.”

“झडपाखाली गाळ बसतो. परविनानं तो कदी काढलाय? परवा आवस हाय. उधाणाला झडप नीट टेकलं नाय, तर खरंच खार आत येल.” तो उंबऱ्यात थांबला. “आनि मंग तुजं पयलं चित्र खरं व्हायचं.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. भूमिकाने घमेलं उचललं. तो बांधाच्या दिशेने चालू लागला आणि ती मागून निघाली.